रेडिओ आपल्या पैशावर, मग बोलतो कुणाचं?

प्रश्न : आमच्या हॉटेलात सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की भांडण ठरलेलं. अर्धे म्हणतात हा सरकारचा भोंगा, आपल्या टॅक्सच्या पैशावर ह्यांची आरती कामून ऐकायची, बंद करा. अर्धे म्हणतात पैसा सरकारचा तर बोलणं पण सरकारचंच येणार. आता अमेरिकेनं पण रेडिओचा पैसा तोडला म्हणतात. मग खरं काय?
– एक चहावाला, सेलू

उत्तर : दादा, पैसा सरकारचा नाही हो, सरकार फक्त पुढं सरकवतं. तुमच्या मोबाईलच्या रिचार्जवरच्या जीएसटीतला केंद्राचा वाटा दिल्लीला जातो, तिथून माहिती आणि प्रसारण मंत्रालयामार्फत प्रसार भारतीकडं, आणि आकाशवाणी त्यांचीच. नुसत्या यंत्रसामग्रीसाठी जानेवारी २०२३ मधे २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली, दूरदर्शन धरून. आता कागदावर प्रसार भारती स्वायत्त आहे, पण दरवर्षी ज्याच्या दारात झोळी घेऊन जायचं त्याच्याच विरोधातली बातमी सकाळी पहिली लावायला छाती लागते, आणि छातीसाठी वेगळं अनुदान नसतं.

हा स्वायत्ततेचा कायदा १९९० चा, लागू झाला १५ सप्टेंबर १९९७ ला. सात वर्षं कपाटात! त्या काळात दिल्लीत काँग्रेस आली, वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं, तिसरी आघाडी आली, घाई कुणालाच नव्हती. त्याच्या आधी आणीबाणीनंतर जनता सरकारनं वर्गीज समिती नेमली, तिनं १९७८ मधेच सांगितलं होतं की रेडिओ सरकारच्या हातातून काढा, वेगळा ट्रस्ट करा, ते पण तसंच राहिलं. विरोधात असताना ज्याला भोंगा म्हणायचं तोच खुर्ची मिळाल्यावर माईक वाटतो, ह्यात सगळे पक्ष सारखे, माझा कुणावर विशेष राग नाही.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना तर हे नवीन पण नाही. निजामाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता, औरंगाबादला पण त्याचं केंद्र होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला युद्धबंदी जाहीर करायला निजाम रेडिओवरच आला. आमचे आजोबा म्हणायचे, ज्याचं घर त्याची खाट, पाव्हण्यानं कुठं बसायचं ते घरवाला सांगणार.

पण तुमच्या हॉटेलातलं भांडण नीट ऐकलं तर दोन्ही बाजू एकच चूक करायलेत. त्यांना वाटतं पक्षपात म्हणजे खोटं सांगणं. आकाशवाणी खोटं फार सांगत नाही, ती गाळते. अतिवृष्टी झाली की बातमी येते, पालकमंत्र्यांनी नुकसानग्रस्त भागाची पाहणी केली, तातडीनं पंचनामे करण्याचे निर्देश दिले. खरंच दिले असतात. पण पंधरा दिवसांनी तलाठी आला का, नाही आला तर का नाही आला, ही बातमी येत नाही, कारण त्या वाक्यात बोलायला मंत्री नाही. ‘प्रतिपादन केलं’, ‘आवाहन केलं’, ‘निर्देश दिले’, ही तीन क्रियापदं काढली तर निम्मं बातमीपत्र खाली बसेल. आणि त्याच बातमीपत्रात शेवटी येतं की जायकवाडीच्या २७ दरवाजांपैकी किती उघडले आणि किती क्युसेकनं विसर्ग सुरू आहे, ते ऐकून गोदाकाठची माणसं जनावरं वर काढतात. आता सांगा बंद कसं करायचं?

एकदा करून बघा, बिलाच्या पॅडमागं दोन रकाने पाडा, एकात कोण बोललं ते लिहा, दुसऱ्यात कुणाबद्दल बोलले पण त्याला विचारलं नाही ते. मी केलं होतं. दुसऱ्या रकान्यात शेतकरी, गावातली आशा सेविका, पुन्हा शेतकरी, पहिल्यात काय ते सांगायला नको.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली एनपीआर ही रेडिओ संस्था सरकारी कंपनी नाही, ना-नफा आहे, केंद्र सरकारचा थेट पैसा तिच्या उत्पन्नात एक टक्क्याच्या आसपास होता. ट्रम्प म्हणाले ही माणसं एका बाजूची आहेत, करदात्यानं त्यांना का पोसायचं, १ मे २०२५ ला तसा आदेश काढला आणि जुलैमधे त्यांच्या संसदेनं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. तो पैसा वाटणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगनं ऑगस्टमधे काम बंद करत असल्याचं सांगितलं. ज्यांच्यावर राग होता त्या वॉशिंग्टनवाल्यांना वर्गणी देणारे श्रीमंत श्रोते आहेत, खरी पंचाईत झाली अलास्कासारख्या भागातल्या छोट्या केंद्रांची, ज्यांचा मोठा खर्च ह्याच पैशातून निघत होता. आपल्याकडं तोडला तर तसंच होईल, दिल्लीचा आवाज नाही बंद व्हायचा, परभणीचा होईल, आणि परभणीबरोबर पेरणीचा सल्ला पण जाईल.

माझ्या मते पैसा कुणाचा ह्यापेक्षा घड्याळ कुणाच्या हातात हे बघा. निवडणुकीत ह्याच आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो, कुणाला किती ते मागच्या मतांवरून निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली ठरतं, त्यावर फारशी बोंब होत नाही. पैसा तोच, माईक तोच. ‘मन की बात’ ३ ऑक्टोबर २०१४ पासून सुरू आहे, जाहिरातीतून कमावते असं सरकार सांगतं, कमावू द्या, पण विरोधी पक्षनेत्याला महिन्यातून असा अर्धा तास आहे का? नाही. मग हिशोब टॅक्सचा नाही, अर्ध्या तासाचा आहे.

प्रश्न : खासगी एफएमवर दिवसभर गाणी आणि बडबड, बातम्या का नसतात? आरजेला येत नाही का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ताई, येतं हो, परवानगी नाही. २०११ च्या धोरणाप्रमाणे खासगी एफएमला आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, स्वतःची बातमी करता येत नाही. हवामान, ट्रॅफिक, परीक्षेची माहिती चालते. टीव्हीवर रात्रभर आरडाओरडा चालतो, पेपर काय पाहिजे ते छापतो, बंदी फक्त रेडिओला. आणि सुप्रीम कोर्टानं १९९५ मधेच सांगितलंय की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. म्हणजे गाण्याला दहा दुकानं आणि बातमीला एकच रेशन दुकान, मग तिथल्या मापावरून भांडणं होणारच.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पोस्टाचं रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं, आत तिकिटं चिकटवलेली आहेत. श्रोत्यानं असे थेट पैसे भरले तर रेडिओ सरकारला न घाबरता बोलेल का? इंग्लंडात तसंच आहे ना?
– एक वाचक, किनवट

उत्तर : इंग्लंडात बीबीसीची लायसन फी आहे, एप्रिल २०२५ मधे ती वर्षाला १७४.५० पौंड झाली होती, पण ती टीव्ही बघणाऱ्या घराला, नुसत्या रेडिओची १९७१ मधेच बंद झाली. आणि तिथं पण डावे म्हणतात बीबीसी उजवी, उजवे म्हणतात डावी.

आपल्याकडं ऐंशीच्या दशकात ही फी गेली. तोपर्यंत श्रोता थेट पोस्टात पैसे भरत होता, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच होतं. तरी २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिराजींनी आणीबाणी सांगितली ती ह्याच रेडिओवरून, आणि किशोर कुमार सरकारच्या कार्यक्रमाला गायला नाही म्हणाले म्हणून मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. लोक ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे ते उगाच नाही.

पुस्तकात १९७६ चं तिकीट आहे का बघा बरं. असेल तर तुमच्या आजोबांनी त्या वर्षी रोख पैसे भरून किशोर कुमार ऐकला नाही.