फॉर्म तुझ्या हातानं भर

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आलेला, मी सकाळी दूध आणायला निघताना वाचला आणि पिशवी हातात घेऊन तसाच दारात उभा राहिलो. नोकरी गेल्याचं तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. शिरोली एमआयडीसीत हे नवीन नाही, ऑर्डरी पडल्या की कारखाने माणसं कमी करतात, तुला दुसरं काम मिळेल, त्यावर मी पानं भरत बसत नाही. मला लागलं ते विम्याच्या फॉर्मबद्दलचं तुझं शेवटचं वाक्य. "काका, कधीतरी मावा खातो, ते फॉर्ममध्ये लिहायलाच पाहिजे का? एजंट मामा म्हणतात नाही टाकून दे, कोण बघतंय."

म्हणून हे लिहितोय, नाहीतर टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा नुसता विमा, कसा घ्यायचा ते तुला मोबाईलवर दहा जण सांगतील.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. 2016 ला त्यानं ती नोकरी सोडली, तिथला ग्रुप विमा त्याच दिवशी संपला. मी अकाउंट्सचा माणूस, घरातला शहाणा, म्हणून मीच माझ्या ओळखीच्या एजंटाला बोलावलं. एजंटानं कोरा फॉर्म दिला आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या. मेहुणा तोवर दुसरीकडं लागला होता, मी फॉर्म घेऊन थेट शॉपवर गेलो. त्यानं मोल्डिंग बॉक्सवर कागद ठेवून सह्या केल्या, हात वाळूनं काळे, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा डाग उमटला. बाकीचं सगळं एजंटानं घरी बसून भरलं. बीपी आहे का, नाही. गोळ्या चालू आहेत का, नाही. तंबाखू, नाही. सगळ्याला नाही.

चौदा महिन्यांनी मेहुणा गेला. हार्ट अटॅक. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याच्या बायकोनं जे खरं ते सांगितलं, तीन वर्षं बीपीची गोळी चालू आहे, तंबाखू आहे. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. क्लेम लवकर आला म्हणून कंपनीनं चौकशी लावली, तो केसपेपर मागवला, आणि क्लेम नाकारला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. सोबत फॉर्मची झेरॉक्स होती, आणि झेरॉक्समध्ये सुद्धा तो काळा अंगठा दिसत होता.

कंपनीला दोन वर्षं शिव्या दिल्या मी. पण सही त्याची होती आणि फॉर्म मी नेला होता.

म्हणून सांगतो, फॉर्म तुझ्या हातानं भर. मामा कितीही जवळचा असू दे, मामांचा स्वभाव चांगला आहे हे मला माहीत आहे, तरी पेन त्यांच्या हातात द्यायचा नाही. ऑनलाईन असेल तर मोबाईल तुझ्या हातात, ओटीपी तू टाकायचा, आणि प्रत्येक प्रश्न वाचून. बहुतेक फॉर्म गेल्या बारा महिन्यांतली तंबाखू विचारतात, त्यात "कधीतरी" असा कॉलम नसतो. मावा म्हणजे तंबाखूच आहे. मेडिकलला लघवी तपासतात त्यात कोटिनिन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनचा अंश, निघतं, आणि नाही निघालं तरी उद्या केसपेपरवर तुझी बायको खरंच सांगणार ना रे? हप्ता वाढेल, वाढू दे. मावा सोडलास तर तुझंच चांगलं, पण सोडायच्या आधी सोडला म्हणून लिहायचं नाही.

मामा सांगतील तीन वर्षं काढली की कंपनी काही करू शकत नाही. विमा कायद्याचं कलम 45 आहे ते, तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका काढता येत नाही हे खरं आहे. पण तीन वर्षांच्या आत काय? तू मेहुण्यापेक्षा वेगळा काय सांगणार आहेस घरी, की मी 2029 पर्यंत मरणार नाही? असल्या हिशोबावर दोन वर्षांच्या पोरीचं भविष्य ठेवतात का? मला राग येतो, माफ कर.

विमा कुठला आणि किती रकमेचा घ्यायचा, ते एकदा सरळ सांगतो. कंपनीतला 20 लाखाचा विमा आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबर येणारा विमा, ज्यात जास्तीत जास्त 7 लाख मिळतात, दोन्ही नोकरीला बांधलेले. नोकरी गेली, ते गेले. पुढच्या कंपनीत परत मिळेल म्हणून थांबू नकोस, ते परत त्यांचंच असेल. घरकर्ज 22 लाख, घरखर्च महिना 25 हजार. 1 कोटीचा कवर घेतलास आणि कर्ज फिटलं तर 78 लाख उरतात, 6 टक्क्यांनी महिन्याला 39 हजाराच्या आसपास येतात. महागाई धरली तर ते जास्त नाहीत, म्हणून 1 कोटीच्या खाली उतरू नकोस. मनीबॅक, पैसे परत वगैरे दाखवलं तर नको म्हण, विमा वेगळा बचत वेगळी, यावर मी वाद घालत नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, जुने कोट बघत बसू नकोस.

नोकरी नसताना कंपन्या कुरकुर करतात, उत्पन्नाचा पुरावा मागतात. फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला, इन्कम टॅक्स रिटर्न, जुन्या पगाराच्या स्लिपा दे, आणि व्यवसायाच्या रकान्यात सध्या नोकरी नाही असंच लिही. जुन्या कंपनीचं नाव टाकून मोकळा होऊ नकोस. एखाद्या कंपनीनं नाही म्हटलं तर तेही पुढच्या फॉर्मवर लिहायचं, तो प्रश्न असतो. तोवर बँकेत जाऊन प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घे, वर्षाला 436 रुपये हप्ता, 2 लाखाचा विमा, मेडिकल नाही. नवीन घेतल्यावर पहिले 30 दिवस अपघात सोडून क्लेम मिळत नाही, म्हणून आजच जा.

आणखी एक, तू मित्रासाठी पतसंस्थेत जामीन राहिलायस ना? मग फॉर्ममध्ये एमडब्ल्यूपी ॲक्टचा, म्हणजे मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टचा पर्याय असतो, 1874 चा कायदा आहे, तो निवड. पैसे बायकोमुलांचेच राहतात, घेणेकऱ्यांना हात लावता येत नाही. हे सुरुवातीलाच करायचं असतं, आणि एजंट स्वतःहून क्वचित सांगतो.

मी स्वतः 2018 ला पॉलिसी घेतली, वय 46, शुगर लिहिली, बीपी लिहिलं, कंपनीनं लोडिंग लावलं, म्हणजे हप्ता वाढवला. ऑफिसात सगळे म्हणाले फुकट जास्त भरतोयस. भरतोय. दरवर्षी भरतोय. हप्त्याच्या दिवशी मला मेहुणा आठवतो आणि मी पैसे पाठवतो. यात माझं काही चुकत असेल असं मला वाटत नाही, तुझ्या बाबांनाही मी हेच सांगत आलोय, ते हसतात.

पॉलिसी हातात आली की तिच्यात तुझ्या फॉर्मची कॉपी असते, ती ओळ न् ओळ वाच. काही चुकलं असेल तर लगेच लेखी कळव, पॉलिसीच नको वाटली तर परत करायला 30 दिवस मिळतात. बायकोलाही वाचायला दे, तिला माहीत असू दे तू काय काय लिहिलंयस.

रविवारी सकाळी ये. फॉर्म 16, जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या, मागचे रिपोर्ट, सगळं घेऊन ये. मी शेजारी बसतो, अडलं तर सांगतो. पेन मात्र तुझा तू आण.

तुझा,
काका
राजारामपुरी, कोल्हापूर