मंडळावर जाण्यापूर्वी ताळेबंद मागा
(वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठ निवास आणि त्यांचे विश्वस्त)

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी एक धर्मादाय संस्था ज्येष्ठ नागरिकांसाठी माफक दरातील निवास चालवते. सध्या तेथे 48 जण राहतात. संस्थेच्या मंडळावर एक डॉक्टर, एक वकील, बाजार समितीचे माजी सभापती आणि दोन व्यापारी आहेत. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. अध्यक्ष परवा घरी आले होते आणि “गावात मान असलेली माणसे मंडळावर हवीत, काम फारसे नाही, वर्षातून चार सभा असतात,” असे म्हणाले. होकार द्यावा का? आणि नेमकी जबाबदारी काय येते?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : होकार जरूर द्यावा; मात्र “काम फारसे नाही” या वाक्यावर विसंबून देऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 हा कायदा राबणारा विश्वस्त आणि शोभेचा विश्वस्त असा भेद करीत नाही. घोर निष्काळजीपणामुळे, विश्वासभंगामुळे किंवा पैशाच्या गैरवापरामुळे संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर ते जबाबदार विश्वस्तांकडून भरून घेण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त देऊ शकतात. त्या वेळी “मी सभेला होतो, पण विषय मला नीट समजला नव्हता,” हा बचाव फारसा टिकत नाही. आपल्या नावामुळे देणगीदार विश्वासाने धनादेश लिहितात आणि एखादी मुलगी आपल्या आईला तेथे निर्धास्तपणे ठेवते. तेव्हा त्या विश्वासाच्या मागे काय आहे, हे आपण आधी पाहून घ्यावे.

त्यासाठी अध्यक्षांकडून तीन कागद मागावेत : विश्वस्तपत्र किंवा घटना, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि पी.टी.आर.चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा. शेवटच्या कागदाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. विश्वस्तांमध्ये कोणताही बदल झाला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षे रखडलेले असतात आणि उताऱ्यावर हयात नसलेल्या विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतात. मग अनुदानाचा अर्ज असो की बँकेतील सह्या बदलणे असो, प्रत्येक ठिकाणी काम अडते. उतारा अद्ययावत नसेल, तर आपले पहिले काम कोणते हे आपोआप ठरले असे समजावे.

आता ताळेबंदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अशा संस्थांचे दुखणे बहुतेक वेळा तेथेच सापडते. मी स्वतः अशा एका निवासाच्या कार्यकारिणीवर नऊ वर्षे होतो आणि पहिली दोन वर्षे मलाही ही गोष्ट उमगली नव्हती. माफक दराचा निवास दोन पैशांवर चालतो : निवाशांचे मासिक शुल्क आणि त्यांनी प्रवेशाच्या वेळी ठेवलेली अनामत. निवासी सोडून गेला वा निवर्तला, की ही अनामत त्याला किंवा त्याच्या वारसांना परत करावयाची असते. म्हणून ती संस्थेचे उत्पन्न नव्हे, देणे आहे. परंतु बँकेच्या खात्यात ती देणग्यांच्या शेजारीच दिसते आणि बांधकामाचा उत्साह असलेल्या मंडळाला तो फरक दिसेनासा होतो.

आपल्याच निवासाचे उदाहरण घेऊ. रकमा मी केवळ हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. प्रत्येकाची अनामत दोन लाख रुपये असेल, तर 48 जणांचे 96 लाख होतात. ते सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत असतील, तर वर्षाला 6 लाख 72 हजार व्याज मिळते, म्हणजे दरडोई महिन्याला सुमारे 1,167 रुपये. निवृत्तिवेतन नसलेल्या विधवा आजींच्या दृष्टीने शुल्कातील एवढा फरक म्हणजे औषधांचा खर्च. आता मंडळाने यातले 60 लाख नव्या मजल्यावर घातले असे समजा. व्याज 2 लाख 52 हजारांवर येते, उरलेले 4 लाख 20 हजार शुल्कातून उभे करावे लागतात आणि प्रत्येकाचे शुल्क महिन्याला सुमारे 730 रुपयांनी वाढते. त्यातच एका वर्षात आठ निवासी गेले, तर 16 लाख परत द्यावयाचे. ते 36 लाखांतून दिले की गंगाजळी आणखी आटते. मग नव्या निवाशाची अनामत घेऊन जुन्याच्या वारसाला देण्याची वेळ येते आणि रिकामी खोली गरजूला देण्याऐवजी जो अनामत लवकर भरील त्याला दिली जाते. माफक दराचा निवास महाग होतो तो बहुधा अशा वाटेने. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही.

म्हणून पहिल्याच सभेत विचारावे की एकूण अनामत किती आणि तिच्यासमोर मुदत ठेवी किती. दोन्ही आकडे जुळत असतील, तर मंडळ जागे आहे. ठेवी कोठे ठेवल्या आहेत, हेही पाहावे. संस्थेच्या शिलकी पैशासाठी कायद्याने अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे असे ठरावीक मार्ग सांगितले आहेत. एखाद्या परिचिताच्या पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात, हे कारण त्यात बसत नाही.

राहिला प्रश्न मान्यवरांचा. डॉक्टर, वकील, माजी सभापती ही माणसे उपयोगी असतात, पण प्रत्येकाबरोबर त्याच्या ओळखीही येतात. “आमच्या मावशींना तेवढी खोली द्या,” ही चिठ्ठी कोणा ना कोणाकडून येतेच. प्रवेशाची प्रतीक्षा यादी, तिचे निकष आणि सवलतीच्या खोल्यांची संख्या लेखी असावी, आणि ज्या विषयात विश्वस्ताचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा संबंध असेल, त्या चर्चेच्या वेळी त्याने सभागृहाबाहेर बसावे व तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. आपण मुख्याध्यापक होतात. शाळाप्रवेशाच्या दिवसांतील अनुभव येथे उपयोगी पडेल.

प्रश्न : माझी 79 वर्षांची आई ज्या निवासात राहते, तेथे शुल्कवाढ फलकावर लावल्यावरच कळते. मंडळावर निवाशांचा प्रतिनिधी असावा, अशी मागणी करता येते का? आईला भीती वाटते की तक्रार केली तर खोली सोडावी लागेल.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मागणी करता येते, ती मान्य करणे शक्य आहे की नाही, हे संस्थेच्या घटनेत विश्वस्त कसे निवडावेत याविषयी काय लिहिले आहे त्यावर अवलंबून राहील. निवासी पूर्ण विश्वस्त झाला, तर स्वतःच्याच शुल्कावर मत देण्याची अडचण उभी राहते, हा आक्षेप मंडळे घेतात आणि तो अगदीच पोकळ नाही. पण त्यावर उपाय आहे : निवाशांनी निवडलेले दोघे कायम निमंत्रित म्हणून सभेस बसावेत, शुल्क, भोजन आणि सेविकांच्या पाळ्या हे विषय त्यांच्यापुढे मांडल्याशिवाय ठरू नयेत. कोणती पायरी निसरडी आहे, रात्री हाक मारली तर कोण येते आणि कोण येत नाही, हे आठवड्यातून एकदा फेरी मारणाऱ्या विश्वस्ताला कळत नाही. विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. आपल्या आईंचा निवास त्या प्रकारचा नसला, तरी दरवाजे किमान 900 मिलीमीटर रुंद असावेत, एकापेक्षा अधिक मजले असतील तर लिफ्ट असावी, यांसारखी त्यांतील मापे हातात घेऊन निवास पाहावयास काहीच हरकत नाही.

आईंच्या भीतीविषयी एवढेच सांगतो की तक्रार एकटीच्या नावाने करू नये, दहा-बारा निवाशांच्या सह्यांनी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. 1950 च्या कायद्यातील ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ या व्याख्येत लाभार्थीही येतो. त्यामुळे मंडळ ऐकतच नसेल, तर धर्मादाय कार्यालयाचे दार निवाशांना बंद नाही. ती पायरी शेवटची असावी, कारण त्यानंतरही त्याच माणसांच्या हातचे जेवायचे असते.

प्रश्न : मी एका ज्येष्ठ निवासाची विश्वस्त आहे. निवासाच्या दर्शनी भागातील दोन गाळे एका बँकेला नऊ वर्षांसाठी भाड्याने देण्याचे घाटत आहे. भाड्यातून शुल्क कमी करता येईल. मंडळाचा ठराव पुरेसा आहे ना?
— एक विश्वस्त, नाशिक

उत्तर : नाही. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला नऊ वर्षांचा करार वैध ठरत नाही. तीन-तीन वर्षांचे तीन करार एकाच दिवशी करून ठेवण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती इतिवृत्तात आपल्या विरोधासह नोंदवून घ्यावी. परवानगीसाठी अर्ज करताना गाळ्यांचे मूल्यांकन, आलेले देकार आणि भाड्याचा पैसा शुल्कसवलतीसाठीच वापरला जाईल असा ठराव सोबत जोडावा. संस्थेचे हित दाखवण्यास तो उपयोगी पडतो. आणि बँकेचे जनित्र कोणाच्या खिडकीखाली बसणार आहे, हे करार करण्यापूर्वी त्या खोलीत राहणाऱ्यांना विचारून घ्यावे.