ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे राहणार?

प्रश्न : मी स्वतः गाणी लिहितो, चाली बांधतो आणि गातो. माझी काही गाणी ऐकून एका रेकॉर्ड लेबलने, म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून विकणाऱ्या कंपनीने, पाच अल्बमांचा करार आणि काही उचल देऊ केली आहे. मित्र म्हणतात, आता गाणे कोणालाही स्वतः प्रसिद्ध करता येते, मग लेबल हवे कशाला? मी करार करावा का?

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तबकड्या काढून त्या दुकानांत पोहोचवणे फक्त लेबलच्याच आवाक्यात होते, तेव्हा कलावंताला पर्यायच नसे. डेक्का या लेबलने नाकारल्यानंतर १९६२ मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडने ईएमआय या दुसऱ्या लेबलशी करार केला, तेव्हा त्यांचा मोबदला एका तबकडीमागे एक पेनी होता आणि तोही आपसांत वाटून घ्यायचा होता. वितरणाची ही मक्तेदारी आता उरलेली नाही. रे या ब्रिटिश गायिकेने २०२१ मध्ये लेबल सोडले, २०२३ मध्ये आपला पहिला अल्बम स्वतंत्रपणे काढला आणि २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांपैकी सहा पटकावले. अर्थात त्याआधीची काही वर्षे ती एका मोठ्या लेबलकडेच होती आणि तिचे नाव तेव्हाच लोकांच्या कानी पडू लागले होते, ही गोष्ट तिचे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत. पैसा उभा करणे, योग्य निर्माता गाठून देणे, प्रसिद्धीमागे माणसे लावणे ही कामे चांगले लेबल आजही करते.

उचल म्हणजे बक्षीस नव्हे, हे मात्र नीट समजून घ्या. ती तुमच्या रॉयल्टीतून, म्हणजे गाण्यांच्या कमाईतल्या तुमच्या वाट्यातून, वळती होते, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्चही बहुधा त्याच खात्यावर चढतो. समजा, असे एकूण १०० रुपये तुमच्या नावावर मांडले आहेत आणि तुमचा वाटा २० टक्के आहे. वसुली तुमच्या वाट्यातूनच होत असल्याने ते १०० फिटण्यासाठी गाण्यांनी ५०० मिळवावे लागतात. लेबलने घातलेले १०० पहिल्या १०० मध्येच वसूल झालेले असतात; पुढच्या ४०० मध्ये लेबल फायद्यात असते, आणि त्याच्या हिशेबवहीत तुम्ही मात्र अजून देणेकरीच दिसता. गाणी चाललीच नाहीत, तर सहसा उचल परत मागितली जात नाही. ती जोखीम लेबलची असते आणि मोठा हिस्सा मागण्याचे त्याचे समर्थनही तेच असते.

माझ्या मते रकमेपेक्षा मालकीचे कलम महत्त्वाचे आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि मुद्रित आवाजाचा, म्हणजे मास्टरचा, हक्क वेगळा. पहिला तुमच्याकडे राहिला तरी दुसरा लेबलकडे जाऊ शकतो. मास्टरच्या मालकीवरून आपल्या लेबलशी भांडताना अमेरिकी गायक प्रिन्सने १९९३ मध्ये स्वतःचे नाव टाकून एक चिन्ह धारण केले. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमांची मास्टर्स २०१९ मध्ये लेबलबरोबरच विकली गेली. गीतांचे हक्क तिच्याकडे असल्याने २०२१ पासून तिने त्यांतले चार अल्बम नव्याने मुद्रित केले, आणि मूळ मास्टर्स तिच्या हाती आली ती २०२५ मध्ये. मास्टर्स अशी परत मिळवणे तिच्याएवढ्या मोठ्या कलावंतालाच परवडते, म्हणून हा प्रश्न सहीपूर्वीच सोडवलेला बरा. मास्टर कायमचे देण्याऐवजी ठरावीक वर्षांचा परवाना द्या. त्यासाठी उचल कमी घ्यावी लागली तरी चालेल.

पाच अल्बमांच्या आकड्यानेही हुरळून जाऊ नका. अशा करारात बऱ्याचदा हमी पहिल्याच अल्बमची असते, आणि पुढचे चार काढायचे की नाही हे लेबल ठरवते. तुम्ही बांधलेले आणि ते मोकळे, असे होऊ शकते. म्हणून अल्बम ठरावीक मुदतीत प्रसिद्ध न झाल्यास करार संपेल आणि मुद्रण तुमच्याकडे परत येईल, असे कलम मागा. ते देण्यास लेबल तयार नसेल, तर तूर्त सही करू नका. मसुदा वाचायला वकील मात्र तुमचा स्वतःचा हवा. लेबलने सुचवलेला नको.