आजीला कोणीही लावलेली नसताना भजने ऐकू येतात आणि माझ्या डोक्यात दिवसदिवस एकच गाणे घोळते. हे दोन्ही एकच आहे का?

तुम्ही लिहिले आहे की ७८ वर्षांच्या तुमच्या आजीला गेल्या काही महिन्यांपासून रात्री टाळ-मृदंगासह भजने ऐकू येतात, घरात दुसऱ्या कोणालाही ती ऐकू येत नाहीत, नात्यातल्या कोणीतरी ‘बाहेरचे काहीतरी’ असल्याचे सुचवले आहे, आणि तुमच्याही डोक्यात एखादे गाणे चार-चार दिवस ठाण मांडून बसत असल्यामुळे हे घराण्यातच आहे की काय, अशी धास्ती तुम्हाला वाटते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाच्या तपासण्या करणे आणि श्रवणयंत्रे बसवून देणे हे माझे रोजचे काम. अशा तक्रारी माझ्याकडे अधूनमधून येतात, पण सहसा सरळ येत नाहीत. तपासणी आटोपल्यावर, मुलगा किंवा सून बाहेर गेल्याची खात्री करून घेऊन, ‘एक विचारू का, हसणार नाही ना?’ अशा प्रस्तावनेनंतर त्या येतात. आजीचे वय आणि ती हल्ली टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते ही तुम्ही ओघात सांगितलेली गोष्ट, या दोन्ही लक्षात घेता सर्वांत आधी तिचे कान तपासून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गाण्याचे आधी उरकते. फिनलंडमध्ये बारा हजारांहून अधिक लोकांना इंटरनेटवरून याविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आठवड्यातून निदान एकदा तरी गाणे असे डोक्यात अडकते, असे सांगितले. तेव्हा तुम्ही बहुसंख्याकांत आहात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे तीन हजार लोकांकडून गोळा केलेल्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात असे दिसले की अडकणारी गाणी बहुधा जलद लयीची असतात आणि त्यांच्या चालीचे एकूण वळण सर्वसाधारण, ओळखीचे असले तरी मध्येच कुठेतरी ती अनपेक्षित उडी घेते किंवा एकाच स्वरावर वाजवीपेक्षा जास्त रेंगाळते. गाणे बहुतेकदा अलीकडेच कानांवरून गेलेले असते. गणपती विसर्जनानंतरचा आठवडाभर आरतीची चाल भांडी घासताना, जिना चढताना, गाडीची वाट पाहताना आपोआप ओठांवर येते, ती यामुळेच. हात गुंतलेले आणि मन मोकळे, ही तिची ठरलेली वेळ. गंमत म्हणजे कामाने मन फार दमले तरीही तेच होते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सोप्या कोड्यांइतकीच फार अवघड कोडीही गाणे परत येण्यास अनुकूल ठरली, आणि मन नेमके पुरेसे गुंतवणारे काम सर्वांत उपयोगी पडले. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ साली च्युइंग गम चघळणाऱ्यांना गाणे कमी सतावते, असे आढळले. मनातल्या मनात गाताना आपण जबडा आणि जीभ हलवण्याची यंत्रणा नकळत वापरत असतो, आणि ती चघळण्यात अडकली की गाण्याला थारा मिळत नाही, असा त्यामागचा तर्क आहे. काही जणांना ते गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकून टाकल्याने सुटका मिळते. मला तरी अर्धवट आठवणारे गाणेच जास्त छळते.

आता दोन्हींना जोडणारा धागा. मनात गाणे ‘ऐकू येते’ असे आपण म्हणतो, ती केवळ बोलायची पद्धत नाही. त्या वेळी मेंदूतले ऐकण्याचे केंद्र खरोखर कामाला लागलेले असते. २००५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयातील संशोधकांनी लोकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून गाणी ऐकवली आणि त्यांच्यात मध्ये मध्ये काही सेकंदांची शांतता पेरली. ओळखीच्या गाण्यातली शांतता ऐकणाऱ्यांना जाणवलीच नाही असे नाही, परंतु गाणे मनात पुढे चालू राहिल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्या शांततेतही मेंदूतला श्रवणाचा भाग अनोळखी गाण्यातल्या शांततेपेक्षा अधिक सक्रिय राहिला. तबला शिकणारा मुलगा बसमध्ये बसून मनातल्या मनात कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) म्हणतो आणि समेवर मान हलवतो, तेव्हा तो हीच यंत्रणा ठरवून वापरत असतो. डोक्यात गाणे अडकते तेव्हा ती न सांगता चालू होते. दोन्ही वेळा आपल्याला पक्के माहीत असते की हे आतले आहे. त्याला दिशा नसते, ते शेजारच्या खोलीतून येत नाही, आणि थोडा प्रयत्न केला तर आपण त्याची पट्टी बदलू शकतो किंवा दुसरे गाणे सुरू करू शकतो.

तुमच्या आजीच्या बाबतीत नेमके हेच बदललेले आहे. ती म्हणते की भजन खिडकीच्या बाजूने येते, कधी मोठे होते, कधी दूर जाते, आणि तिने ‘बंद कर’ म्हटल्याने बंद होत नाही. वैद्यकात याला सांगीतिक भास म्हणतात. जगभरातून नोंदल्या गेलेल्या अशा रुग्णांत उतारवयातल्या, ऐकण्याची शक्ती बरीच कमी झालेल्या व्यक्ती अधिक आहेत, आणि त्यांतही स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. बहुतेकींना कोणताही मानसिक आजार नसतो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत चर्चमधली स्तोत्रे, नाताळची गाणी आणि देशभक्तिपर गीते वारंवार आढळतात. म्हणजे लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेले आणि म्हटलेले जे असेल, ते. मराठी घरातल्या आजीच्या बाबतीत ती जागा भजनांनी आणि आरत्यांनी घेतली, तर त्यात दैवी किंवा अघोरी असे काही शोधण्याची गरज मला वाटत नाही. आयुष्यभर दर एकादशीला भजन म्हटलेल्या बाईला दुसरे काय ऐकू येणार?

हे का होते, याचे आज सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे. मेंदू कान जे पाठवील ते निमूटपणे ऐकत बसत नाही. पुढे काय ऐकू येणार याचा अंदाज तो सतत बांधत असतो आणि कानाकडून येणाऱ्या माहितीने तो अंदाज क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो. कानाकडून येणारी माहिती तुटपुंजी आणि अस्पष्ट झाली की दुरुस्ती ढिली पडते आणि मेंदूचा स्वतःचाच अंदाज ऐकू येऊ लागतो. संगीत हे मुळातच पुढचे आधी कळणारे, ठेक्याने आणि आवर्तनाने चालणारे असल्यामुळे या जागेवर ते सहज बसते. इंग्लंडमधले मेंदूविकारतज्ज्ञ टिमोथी ग्रिफिथ्स यांनी २००० साली अशा सहा वृद्ध, बहिरेपण आलेल्या व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा संगीत ओळखणारे आणि त्याची जुळणी करणारे भाग सक्रिय दिसले, परंतु कानाकडून येणारा आवाज जिथे प्रथम पोहोचतो, तो भाग मात्र त्यात नव्हता. डोळ्यांच्या बाबतीतही असेच घडते: जिनिव्हाचे निसर्गसंशोधक शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांना माणसे, पक्षी आणि गाड्या दिसत असल्याचे नोंदवून ठेवले होते, आणि आजोबांची बुद्धी शाबूत होती.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण त्यात ही सगळी यंत्रणा उघडी दिसते. सोसायटीत कोणीतरी रात्री मोठ्याने प्रार्थना लावते, म्हणून त्या दोनदा वरच्या मजल्यावर तक्रार करून आल्या होत्या. त्यांच्या तपासणीचा आलेख पाहिला, तर खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी ऐकू येत होते आणि दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली होती. अशा माणसाला समोरचा बोलतो आहे हे कळते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि शब्द लागत नाही. मी त्यांना प्रार्थना नेमकी केव्हा सुरू होते, हे टिपून ठेवायला सांगितले. पुढच्या खेपेला त्यांनी वहीच आणली. छताचा पंखा चालू असताना प्रार्थना असे, पंखा बंद करून टेबलफॅन लावला की तिची चाल बदले, आणि वीज गेली की बऱ्याचदा तीही थांबे. पंख्याच्या एकसुरी घरघरीतून त्यांचा मेंदू शाळेतली प्रार्थना विणत होता. ‘म्हणजे मी वेडी नाही,’ असे म्हणून त्यांनी आधी वरच्या मजल्यावरच्यांची माफी मागायला हवी, हा विषय काढला.

याच्या उलट बाजूही ध्यानात असू द्या: न वाजवलेला पण ऐकू येणारा प्रत्येक स्वर भास नसतो. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, आणि तो तारेच्या पाचव्या आवर्तांशातून, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट वेगाच्या कंपनातून, खरोखरच हवेत उमटलेला असतो. म्हणून आजीला ऐकू येत असेल त्या वेळी तिच्या उशाशी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाहा. लांबच्या देवळातला भोंगा वाऱ्याबरोबर येत असेल, तर तोही त्यात सापडेल, आणि काहीच सापडले नाही, तर ते आजीलाही ऐकवता येईल. मात्र ते तिला खोटे पाडण्याच्या सुरात करू नका. तिला जे ऐकू येते ते तिच्यापुरते अगदी खरे असते.

सगळीच प्रकरणे इतकी निरुपद्रवी नसतात. कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हे अपस्माराच्या रुग्णांवर त्यांना जागे ठेवून शस्त्रक्रिया करत, आणि मेंदूच्या कानशिलाकडील भागाला विजेचा सौम्य स्पर्श केला की काही रुग्णांना तिथल्या तिथे गाणे ऐकू येई. त्या भागातून उद्‌भवणाऱ्या आकडीतही तसे होऊ शकते. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांना फेब्रुवारी १८५४ मध्ये आधी कानात एकच स्वर अखंड ऐकू येऊ लागला, मग संपूर्ण संगीतरचना, आणि मग देवदूतांनी सांगितलेली म्हणून एक चाल त्यांनी रात्री उठून लिहून काढली. ती चाल त्यांच्याच आदल्या वर्षीच्या एका रचनेतल्या चालीशी मिळतीजुळती होती, हे मला त्या हकिकतीतले सर्वांत बोलके वाटते; देवदूतांनीही त्यांच्याच स्मरणातून उचल केली होती. पण थोड्याच दिवसांत देवदूतांची भुते झाली, २७ फेब्रुवारीला त्यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली, आणि वाचल्यानंतरची अडीच वर्षे, मृत्यूपर्यंत, ते मनोरुग्णालयात होते. तेव्हा आजीला गाण्याऐवजी बोलणारे, दटावणारे किंवा काही करायला सांगणारे आवाज ऐकू येत असतील, भास अचानक सुरू झाला असेल, त्यासोबत काही क्षण भान हरपत असेल, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायांतली शक्ती जाणे असे काही असेल, किंवा अलीकडे ती वारंवार विसरू लागली असेल, तर कानाच्या तपासणीसाठी थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. हातापायांत अचानक अशक्तपणा आला, तर तासही दवडू नका.

यांपैकी काही नसेल, तर पहिला मुक्काम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. कानात मळ घट्ट बसल्यामुळेही ऐकणे कमी होते आणि तो काढल्यावर काहींचे भास विरतात. त्यानंतर श्रवणचाचणी करून घ्या; ती वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते, आणि मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते. जाताना आजीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, कारण मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांच्यामुळेही असे भास झाल्याच्या नोंदी आहेत. मात्र हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

श्रवणयंत्र लागले, तर ते रोज, जागेपणी बहुतेक वेळ वापरावे लागते. पेटीत ठेवलेल्या यंत्राने भजने थांबत नाहीत. मेंदूला बाहेरचा आवाज पुन्हा भरपूर मिळू लागला की पुष्कळांचे भास मंदावतात, काहींचे थांबतात, काहींचे तसेच राहतात पण त्रास देईनासे होतात. रात्री यंत्र काढून ठेवल्यावर उशाजवळ रेडिओ हलक्या आवाजात लावून पाहा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ग्रिफिथ्स यांच्याच गटाच्या एका अभ्यासात असा भास होणाऱ्या वादक स्त्रीला खरे संगीत ऐकवले असता ते थांबल्यानंतरही काही काळ भास दबलेला राहिला, असे दिसले. औषधे हा शेवटचा उपाय. ती या वयात झोप, तोल आणि स्मरण यांवर परिणाम करतात, आणि भास उपद्रव देत असेल तरच डॉक्टर त्यांचा विचार करतात.

घराण्याचे म्हणाल, तर तुमच्या डोक्यात घोळणाऱ्या गाण्यावरून तुम्हालाही म्हातारपणी भास होतील, असा निष्कर्ष निघत नाही. वयाबरोबर ऐकू कमी येणे मात्र काही घरांत लवकर सुरू होते, म्हणून आजीबरोबर तुमच्या आई-वडिलांपैकी जे तिचे अपत्य असेल त्यांचीही चाचणी त्याच फेरीत करून घ्या. आणि आजीला ती भजने आवडत असतील, तर ती बंदच पाडायची असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. तिला तुमचे बोलणे नीट ऐकू येईल एवढे आधी बघा.