तुर्की संगीतकारांनी मकाम सिम्फनीत बसवला तरी कसा?

तुम्ही विचारलंय की तुर्कस्तानात सिम्फनी आणि ऑपेरा कुठून आले, रागांसारख्या मकामांचं त्यात काय झालं आणि ऐकायला सुरुवात कशापासून करावी. माझं मत आधी सांगते: ताल बऱ्यापैकी शाबूत पोचला, सुरांची मात्र काटछाट झाली.

इतिहास थोडक्यात. 1826 मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जॅनिसरी हे जुनं पायदळ मोडीत काढलं आणि त्यांचा ‘मेहतर’ नावाचा लष्करी बँडही गेला. नवीन सैन्याला नवीन बँड हवा म्हणून 1828 मध्ये इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती आला. ऑपेराकार गाएतानो दोनिझेत्तीचा हा थोरला भाऊ. पुढे तो पाशा झाला आणि इस्तंबूललाच वारला. दरबारच्या त्या वादकसंस्थेचा वारसा आज अंकाराचा राष्ट्राध्यक्षांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा सांगतो.

खरी गडबड प्रजासत्ताकात झाली. सरकारने होतकरू मुलांना पॅरिस, व्हिएन्ना, प्रागला शिकायला पाठवलं. 1934 मध्ये रेडिओवर पारंपरिक दरबारी संगीतच बंद केलं. ती बंदी 1936 पर्यंत टिकली. लोकांनी सरळ कैरो स्टेशन लावलं. त्याच सुमारास जर्मन संगीतकार हिंडेमिथच्या सल्ल्याने अंकाराचं सरकारी कॉन्झर्व्हेटरी उभं राहत होतं. या काळातल्या पाच जणांना ‘तुर्की पंचक’ म्हणतात: जेमाल रेशित रे, उल्वी जेमाल एर्किन, हसन फेरित आल्नार, अहमेद अदनान सायगुन आणि नेजिल काझिम आक्सेस. पाचही जण 1904 ते 1908 या चार वर्षांत जन्मलेले.

आता मुख्य अडचण. तुर्की पद्धतीत सप्तकाचे 53 कोमा धरतात, एक कोमा म्हणजे साधारण 22.6 सेंट (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट). हिजाझ मकामाचा खालचा भाग म्हणजे आपले सा, कोमल रे, शुद्ध ग, म. अंतरं 5, 12 आणि 5 कोमांची. पियानोवर तीच अंतरं 100, 300, 100 सेंट होतात. म्हणजे खरा कोमल रे पियानोपेक्षा तेरा सेंट चढा आणि ग पंधरा सेंट उतरा. एवढ्यावर निभावतं. पण उश्शाक मकामाचा रे कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि उतरताना आणखी खाली येतो. पियानोवर शुद्ध घेतलात तर आसावरी ऐकू येते, कोमल घेतलात तर भैरवी. उश्शाक दोन्हीत नाही.

दुसरी अडचण हार्मनीची, म्हणजे अनेक स्वर एकत्र वाजवण्याची, आणि ती घरच्या पेटीवर तपासता येते. सा, ग, प एकत्र दाबा आणि वर सा-रे॒-ग-म-ग-रे॒-सा वाजवा (खाली रेघ म्हणजे कोमल). शेवटचा सा आला तरी शेवट झाल्यासारखं वाटत नाही, कान म कडे ओढ घेतो. कारण पाश्चात्त्य नियमाने हा स्वरसमूह ‘म’ला षड्ज मानणाऱ्या मायनर स्केलचा पंचम ठरतो. मकामात जो विश्रांतीचा सूर, तोच हार्मनीत अधांतरी लटकतो. नवशिक्या संगीतकाराचं हिजाझ सिनेमातल्या वाळवंटासारखं वाजतं, ते बहुतेक यामुळेच.

यावर उपाय दोन निघाले. एक म्हणजे खाली नुसता षड्ज किंवा सा-प धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. दुसरा तुर्की संगीततज्ज्ञ केमाल इलेरिजीचा: सा-ग-प असे एकाआड एक स्वर रचायच्याऐवजी सा-म-नि॒ असे चौथ्या चौथ्या अंतरावर स्वर रचायचे. त्यात कुठे ‘पोचायची’ सक्ती नसते. सा-म-नि॒ दाबून वरचीच ओळ वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

तालाला अशी तडजोड करावी लागली नाही, कारण पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर 9/8 सहज लिहिता येतं. मात्र अक्साक या तुर्की तालाचे 9 हे 3+3+3 नाहीत, 2+2+2+3 आहेत. दिग्दर्शक चार ठोके देतो, चौथा लांब. वादकांना सवय नसली की शेवटचे तीन घाईत दोनच्या मापात कोंबले जातात किंवा सगळंच वॉल्ट्झसारखं गोल फिरतं. देव्रि हिंदी हा सातांचा ताल 3+2+2, म्हणजे रूपक येणाऱ्याला विभाग मोजायची अडचण नाही.

ऐकायला सुरुवात एर्किनच्या ‘क्योचेक्चे’पासून (1943) करा. दहाएक मिनिटांची नृत्य-रॅप्सडी आहे, नवाचे ठोके हाताने मोजत ऐका. मग आल्नारचा कानून कॉन्चेर्तो. कानून हे मांडीवर घेऊन वाजवायचं वाद्य, आणि त्याच्या तारांखाली ‘मंदाल’ नावाचे छोटे खटके असतात. खटका उचलला की तार थोडी आखूड होऊन सूर किंचित चढतो. आल्नार स्वतः लहानपणापासूनचा कानूनवादक. साथीला त्याने फक्त तंतुवाद्यं ठेवली, ज्यांना पडदेच नाहीत. सुरांच्या बाबतीत पाचांमधला हा सर्वांत हुशार निर्णय, असं मला वाटतं.

सायगुनचा ‘युनुस एम्रे’ हा ओरातोरिओ, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची रचना (पहिला प्रयोग अंकारा, 1946), मोठा आहे, तिसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. हाच सायगुन 1936 मध्ये हंगेरियन संगीतकार बार्टोकबरोबर अदाना भागात मेणाच्या सिलिंडरांवर लोकगीतं ध्वनिमुद्रित करत हिंडला होता. पियानोच आवडत असेल तर तुर्की पियानोवादक-संगीतकार फाझिल सायचं ‘कारा तोप्राक’ (1997) घ्या: डाव्या हाताने पियानोच्या आतल्या तारा दाबून उजव्याने पट्ट्या वाजवायच्या, की साझ या लांब दांडीच्या तुर्की तंतुवाद्यासारखा मुका, खरखरीत आवाज येतो. व्हिडिओच बघा, नुसत्या ऑडिओवर डावा हात कुठे आहे ते कळत नाही.