२००६ ची सुबारू आउटबॅक घेतली आहे. आधी लिफ्ट किट टाकू की आणखी काही करू?

तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरमध्ये २००६ ची आउटबॅक घेतली, २.५ लिटरची, ऑटोमॅटिक, १,४२,००० मैल झालेली. पुढचे दोन टायर नवे कोरे, मागच्यांची नक्षी ५/३२ इंचावर आलेली. हिवाळ्यात स्कीला, उन्हाळ्यात डोंगरात कॅम्पिंगला न्यायची आहे, म्हणून गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट आणि जाडजूड ऑल-टेरेन टायर टाकायचा विचार आहे. मीही कोलोरॅडोतच राहतो, याच पिढीची आउटबॅक बरीच वर्षं वापरतोय आणि तिची बहुतेक कामं घरासमोर जॅक स्टँड लावून स्वतःच करतो. म्हणून स्पष्ट सांगतो: लिफ्ट किटचे पैसे सध्या बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न वाचताना मला सगळ्यात आधी खटकले ते टायर.

आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे जिप्सी. गिअरच्या शेजारी दुसरा दांडा. चिखल आला की टाकायचा, डांबरी रस्ता आला की काढायचा. तुमच्या गाडीत तो दांडा नाही, चारही चाकं कायम जोडलेली आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्सचा एक संच असतो. गाडीचा कॉम्प्युटर तो कमी-जास्त दाबतो आणि त्या हिशोबाने मागच्या चाकांना ताकद जाते. आता पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले की मागच्या चाकांचा घेर लहान. तेवढाच रस्ता कापायला त्यांना जास्त फेरे घ्यावे लागतात. हा फरक त्या प्लेट्स एकमेकींवर घसरून पचवतात, तेही सरळसोट कोरड्या हायवेवर, तासन्‌तास. तेल तापतं, काळं पडतं, आणि एक दिवस प्लेट्स घसरायच्या बंद होऊन चिकटायला लागतात.

सुबारूची मर्यादा अशी आहे की चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. नव्या टायरची नक्षी साधारण १०/३२ इंच खोल असते, म्हणजे तुमच्या पुढच्या-मागच्या टायरमध्ये त्रिज्येचा फरक ५/३२ झाला. घेरात तो जवळजवळ एक इंच भरतो, मर्यादेच्या चौपट. विश्वास बसत नसेल तर गाडी जॅकवर घ्या आणि शिंप्याची टेप टायरच्या मधोमध गुंडाळून चारही चाकं मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. जुनी सुबारू विकत घेताना मी बॉनेट उघडायच्या आधी हेच मोजायला सांगतो.

मग गाडी चांगली गरम झाल्यावर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्या. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि ब्रेकवरून पाय काढून नुसती सरकू द्या. छान गोल फिरली तर तुम्ही वेळेत आहात. अडखळत, उड्या मारत, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालली तर प्लेट्स चिकटतायत. खात्री करायची सोयही कंपनीने दिली आहे. बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (म्हणजे फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेला एक रिकामा होल्डर असतो, त्यात साधा फ्यूज खोचला की मागची चाकं सुटतात आणि डॅशबोर्डवर तसा दिवा लागतो. फ्यूज लावूनही अडखळणं थांबलं नाही तर बिघाड त्या क्लचमध्ये किंवा त्याचा दाब सांभाळणाऱ्या भागात आहे. कधीकधी गिअरबॉक्सचं तेल दोन-तीनदा बदलून एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मागचा भाग उघडावा लागतो.

तेव्हा पहिला खर्च चार एकसारखे टायर: एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले. तसंही मागच्या टायरवर तुम्हाला हिवाळ्यात डोंगरात जाता येणार नाही. सप्टेंबर ते मे या काळात आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीलाही किमान ३/१६, म्हणजे ६/३२ इंच नक्षी लागते. तुमचे ५/३२ त्याच्या खालीच आहेत. मापाबद्दल म्हणाल तर मूळ २२५/५५ आर १७ ऐवजी २२५/६० आर १७ घ्या. टायर पाऊण-एक इंच उंच होतो, त्याच्या अर्धी उंची गाडीच्या पोटाला मिळते, भिंत जाड असल्याने दगडावर रिम वाचते आणि ऑल-टेरेनमध्ये निवडही भरपूर मिळते. स्पीडोमीटर साधारण तीन टक्के कमी दाखवेल तेवढं लक्षात ठेवा. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक घासत नाही ना हे बघा. माझ्या मते तुम्हाला हवी असलेली 'लिफ्ट' नव्वद टक्के इथेच मिळते.

दुसरा मुद्दा इंजिन गार ठेवण्याचा. या २.५ लिटर इंजिनाच्या हेड गॅस्केटबद्दल, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधल्या सीलबद्दल, तुम्ही ऐकलंच असेल. ऐकलेलं खरं आहे, पण लोक घाबरतात त्या पद्धतीने नाही. हे इंजिन आडवं आहे, सिलिंडर डावी-उजवीकडे पसरलेले. त्यामुळे गॅस्केटची खालची कड सतत तेल आणि कूलंटमध्ये भिजत राहते आणि वर्षांनी तिथून पाझर सुरू होतो. १९९० च्या दशकातल्या जुन्या २.५ मध्ये गॅस्केट आतून जायचं, इंजिन अचानक तापायचं. तुमच्या इंजिनात गळती बहुधा बाहेरच्या बाजूला होते, म्हणजे ती डोळ्यांना दिसते. पोटाखालचं प्लास्टिक काढा, टॉर्च घ्या आणि हेड जिथे ब्लॉकला भेटतं ती खालची रेघ दोन्ही बाजूंना नीट बघा. नुसता तेलाचा ओलसर थर असेल तर पुसून ठेवा, महिन्याने पुन्हा बघा, त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालू शकते. पण वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट खर दिसला, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या बाहेरच्या टाकीत बुडबुडे येत राहिले, तर दुरुस्ती लांबणीवर टाकायची नाही.

काम करायचंच झालं तर पूर्ण करा. इंजिन बाहेर काढून, दोन्ही हेड मशीनवर सपाट करून, स्टीलच्या अनेक थरांचं गॅस्केट घाला. सुबारूच्या टर्बो इंजिनाचं या हेडला बसतं आणि जाणकार मेकॅनिक तेच वापरतात. हेड सपाट न करता नुसतं गॅस्केट बदलून देणारा स्वस्त भाव कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. थर्मोस्टॅट मात्र कंपनीचाच घ्या. बाहेरचे बरेचसे आकाराने लहान असतात आणि घाटात त्यांची लायकी कळते. कूलंट भरल्यावर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला प्लास्टिकचा स्क्रू सैल करून हवा काढायची, गाडीचं तोंड चढाकडे ठेवून. हवा अडकली की चांगलं इंजिनही तापतं.

आणि टायमिंग बेल्ट. तो १,०५,००० मैलांवर किंवा १०५ महिन्यांनी बदलायचा असतो, जे आधी होईल ते. आधीच्या मालकाकडे पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बरेचदा बेल्ट स्वतः तुटत नाही. शेजारची दातेरी पुली जाम होते आणि बेल्टला घेऊन जाते. म्हणून बेल्ट, सगळ्या पुल्या, टेन्शनर आणि वॉटर पंप असा जपानी बनावटीचा पूर्ण संच एकदमच टाका.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. या ऑटोमॅटिकमध्ये पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) तेल वेगळं असतं, ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल, आणि त्याला स्वतःची वेगळी डिपस्टिक असते. गाडीखाली तीन ड्रेन प्लग ओळीने दिसतात: इंजिनाचा, डिफरन्शियलचा, गिअरबॉक्सचा. झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात नवख्या पोऱ्याने भलताच प्लग उघडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या गाडीचं डिफरन्शियल असंच कोरडं निघालं. इंजिनात मात्र तेल दुप्पट होतं. ऑइल बदलून आणलं की निघण्याआधी तिथेच तिन्ही डिपस्टिक काढून बघा. इंजिनाची तर एरवीही दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेट्रोल भरताना बघत जा, ही इंजिनं थोडं तेल पितात.

पुढच्या उजव्या, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूच्या अ‍ॅक्सलचं आतलं रबरी बूट एक्झॉस्टच्या अगदी वर येतं. उष्णतेने ते फाटतं आणि ग्रीस गरम पाइपावर पडून जळका वास येतो. लोक लगेच बाहेरचा स्वस्त अ‍ॅक्सल आणून बसवतात आणि मग सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. मूळ अ‍ॅक्सलच्या आतल्या जॉइंटचा कप हिरवा असतो. तो खुळखुळत नसेल तर फेकू नका, साफ करून, नवं ग्रीस भरून नवं बूट चढवा.

गंजाचं म्हणाल तर कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, त्यामुळे हिवाळ्यात पोटाखालून धुवायची सवय लावा. मागच्या चाकांच्या कमानी बघाच, पण पेट्रोल भरायच्या नळीवरचं प्लास्टिकचं आवरणही काढून बघा. त्याच्या आत चिखल साठतो, पोलादी नळी कुजते आणि पेट्रोलचा वास आणि चेक इंजिनचा दिवा मागे लागतो.

आता तुमची लिफ्ट. स्ट्रटच्या, म्हणजे चाकाच्या स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरच्या जोडीच्या, वर ठोकळे बसवून गाडी दोन इंच उचलली की चाकं खाली लोंबतात आणि चारही अ‍ॅक्सलचा कोन वाढतो. वर सांगितलेली रबरी बुटं मग लवकर फाटतात, जॉइंट लवकर वाजायला लागतात. चाकांचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर झुकाव, तोही बिघडतो, म्हणजे अलाइनमेंट आली, आणि ती नीट बसली नाही तर तुमचे नवे एकसारखे टायर असमान झिजायला लागणार. तुमची गाडी मुळातच साडेआठ इंचांच्या आसपास उंच आहे. इतक्या मैलांनंतर तिचे स्ट्रट आणि स्प्रिंग थकलेले असतील, आणि सामान भरल्यावर मागून बसत असेल. आधी चारही स्ट्रट आणि मागचे स्प्रिंग नवे टाका. त्यावरही मन मानलं नाही तर एक इंचाची लिफ्ट करा. त्यापुढे मी जाणार नाही.

त्यापेक्षा इंजिनाखाली अ‍ॅल्युमिनियमचं स्किड प्लेट बसवा. आडव्या इंजिनाचा ऑइल पॅन आणि एक्झॉस्ट खाली असतात आणि मूळ प्लास्टिक दगड अडवू शकत नाही. दुसरं, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या जागी) लावायचा ब्लूटूथ रीडर घ्या आणि फोनवर कूलंटचं तापमान आकड्यात बघा. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मध्यावरच बसून राहतो आणि तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, तिथे उंची ११,००० फुटांच्या वर जाते, आकडा दोनशे फॅरनहाइटच्या आसपास राहिला तर तुमचं कूलिंग ठीक आहे. २१५ च्या पुढे सरकत राहिला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच बाजूला घ्या. छतावरच्या तंबूआधी रॅकची भारमर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. दिव्यांबद्दल माझं काही खास मत नाही.

कुठे जायचं याबद्दलही एक सांगतो. सुबारूने १९७२ मध्ये लिओने एस्टेट व्हॅन फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये आणली, त्यामागे तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या जपानी वीज कंपनीची मागणी होती. बर्फाळ डोंगरांत तारा-खांब बघायला जाणाऱ्या माणसांना जीपपेक्षा उबदार, आरामशीर गाडी हवी होती. तुमची आउटबॅक त्याच घराण्यातली आहे. माणसं, सामान घेऊन बर्फातून, कच्च्या रस्त्याने मुक्कामी पोचणं हे तिचं काम, आणि ते ती अप्रतिम करते. तिला लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोराने चालायचा जादा गिअर, नाही. त्यामुळे खडकाळ चढावर गिअरबॉक्स तापतो आणि लांब उतारावर ब्रेक. युटातल्या कॅनयनलँड्समध्ये व्हाइट रिम रोडवर लो रेंज नसलेल्या गाडीला परवानगीच नाही, आणि कितीही उंच लिफ्ट केलीत तरी तो नियम बदलत नाही.

शेवटचं, आणि हे ट्रेलहेडला (डोंगरातली पायवाट सुरू होते तिथे) जायच्या आधी करून ठेवा: बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीत एक जादा फ्यूज आहे का बघा. पंक्चर झालं आणि डिकीतलं छोटं स्पेअर चाक लावायची वेळ आली तर ते फक्त मागेच लावायचं असतं. पुढचं पंक्चर असेल तर मागचं एक चाक पुढे आणा आणि स्पेअर मागे लावा. मग तो फ्यूज एफडब्ल्यूडीच्या होल्डरमध्ये खोचा, नाहीतर त्या छोट्या चाकावर घरी पोचेपर्यंत क्लच प्लेट्सची वाट लागेल. टायर दुरुस्त होऊन आला की फ्यूज आठवणीने काढा.