घर गावातच घे

अगं,

मेसेज वाचला. तुझी नोकरी वेल्समध्ये, ट्रेगॅरनकडच्या जीपी सर्जरीत (म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात), आणि प्रश्न एवढाच की भाड्याचं घर आबेरिस्टविथला घ्यायचं की सर्जरीजवळच्या त्या खेड्यात, जिथे एक चर्च, एक चॅपेल, एक हॉल आणि बाकी सगळ्या मेंढ्या. मी म्हणेन खेड्यात. आबेरिस्टविथला समुद्र आहे, युनिव्हर्सिटी आहे, ब्रॉनग्लाइस हॉस्पिटलमधली आपली माणसं आहेत, सगळं मान्य. पण रोज सतरा-अठरा मैल येऊन-जाऊन काम करणारी डॉक्टर लोकांसाठी कायम बाहेरचीच राहते, आणि इथला शेतकरी मुळात दुखणं सांगणाऱ्यातला नाही, मार्च-एप्रिलमध्ये लॅम्बिंग, म्हणजे मेंढ्यांची वीण, चालू असताना तर छातीत कळ आली तरी अंगावर काढेल. तू त्याला दुकानात, गेटपाशी दोन-चारदा दिसलेली असलीस तर निदान विषय तरी काढतो. काढला की तिथेच उत्तर देत बसू नकोस, उद्या सर्जरीत ये म्हण. आणि कुणाविषयी काही बोलताना दहादा विचार कर, इथे ज्याच्याशी बोलतेस तो ज्याच्याविषयी बोलतेस त्याचा मावसभाऊ निघतो. अर्धं गाव जोन्स, डेव्हिस नाहीतर इव्हान्स, त्यामुळे माणसं शेताच्या नावानं ओळखली जातात, ती नावं पाठ कर. घरांना नंबर नसतात, एका पोस्टकोडमध्ये पाच-सहा फार्म, सॅटनॅव्ह तुला कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन सोडेल.

पॅरिश पॅरिश म्हणतात, म्हणजे एका चर्चभोवतीचा गावभाग, ते बोलण्यात उरलंय. सरकारी पॅरिश वेल्समध्ये १९७४ साली गेले आणि कम्युनिटी कौन्सिल आली, आणि चर्चचं म्हणशील तर ते १९२० पासून सरकारी धर्मपीठ राहिलेलं नाही, एकेक व्हिकर (पाद्री) आता कितीतरी चर्चेस सांभाळतो म्हणून आपल्या गावातली प्रार्थना दर रविवारी असेलच असं नाही. कार्यक्रम तरीही होतात, कारण कुणीतरी खुर्च्या मांडतं. त्या कुणीतरीमध्ये तू असायला हवंस, माझं सगळं सांगणं एवढंच आहे. धर्माचा प्रश्न कुणी काढत नाही. ऑक्टोबरमधल्या सुगीच्या थँक्सगिव्हिंगला जा, गाणी ऐक (चार आवाजांत गातात, तेही तालमीशिवाय), आणि कुणाच्या अंत्यविधीनंतर चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा असतो तिथे तर नक्की जा. पाहुणी म्हणून खुर्चीत बसू नकोस, सरळ आत जाऊन कप विसळायला लाग. अॅल्युमिनियमची दोन हातांनी उचलायची किटली, हॅमची सँडविचेस, बारा ब्रिथच्या (मनुका घातलेल्या वेल्श पावाच्या) लोणी लावलेल्या चकत्या, आणि सिंकपाशी तीन बायका ज्यांना गावातलं सगळं माहीत असतं. कप पुसता पुसता जे कळतं ते नोकरीच्या कुठल्याही इंडक्शनमध्ये सांगत नाहीत. काही करून न्यायचं असेल तर खोबऱ्याच्या वड्या ने, तिखट नको. दाण्याचा कूट असला तर वर चिठ्ठी लाव, कुणाला अॅलर्जी असते.

भाषेचं तुला आधीच सांगून ठेवते. २०२१ च्या जनगणनेत आख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, पण आपल्या केरेडिगियन काउंटीत ४५ टक्के, आणि तुझ्या त्या गावात कानावर पहिली वेल्शच पडेल. तू आलीस की सगळे इंग्रजीवर येतील, वाईट वाटून घेऊ नको, ते सौजन्य आहे. पण तू बोरे दा (सुप्रभात) आणि दिओल्खपासून (धन्यवाद) सुरुवात कर आणि वर्ग लाव. डिमेन्शियातली म्हातारी माणसं पुष्कळदा नंतर शिकलेली इंग्रजी विसरतात आणि उरते ती वेल्श, तेव्हा 'कुठे दुखतंय' एवढं तरी त्यांच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. आणि देवाशपथ, कुणाला इंग्लिश म्हणू नकोस. हे एवढं हळवं का, ते बघायचं असेल तर कधीतरी ए४८७ वर लानरिस्टिडपाशी थांब, रस्त्याकडेला एका पडक्या भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'कोव्ह्युख ड्रवेरिन' लिहिलंय, म्हणजे ट्रवेरिन खोरं विसरू नका. तिथलं, बाला नावाच्या शहराजवळचं कापेल केलिन गाव १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी धरणाखाली घातलं, चॅपेल, शाळा, पोस्ट, दफनभूमी सगळ्यासकट, वेल्सच्या एकाही खासदारानं बाजूनं मत दिलेलं नसताना. मुळशीचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला यापुढे काही समजवायला नको.

आता घर. तिकडे गॅसची पाइपलाइन नाही, हीटिंग केरोसीनवर चालतं, मागच्या अंगणात हिरवी प्लास्टिकची टाकी असते. ताबा घेतानाच टाकीत किती तेल आहे ते बघ, गेजवर विश्वास नको, झाकण उघडून काठी घाल. बहुतेक डीलर ५०० लिटरच्या खाली आणत नाहीत, म्हणजे एकदम मोठी रक्कम जाते, आणि विजेला-गॅसला जी सरकारी प्राइस कॅप आहे ती या तेलाला नाही. गावात बहुधा कुणीतरी सगळ्यांची ऑर्डर एकत्र लावतं, त्यात नाव घाल. पाव टाकी राहिली की मागव, पार कोरडी पडली तर लाइनमध्ये हवा शिरते आणि टँकर आला तरी बॉयलर लागत नाही, मग मेकॅनिकची वाट बघ थंडीत कुडकुडत. ड्रेनेज सेप्टिक टँकचं असणार, तेव्हा तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये अजिबात नाही आणि ब्लीच जपून. पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं असेल तर टेस्टचा रिपोर्ट मालकाकडून माग. लाइट गेले तर १०५ फिरव, पण मोबाइलला रेंज नसते आणि वायफाय लाइटबरोबरच जातं, म्हणून पॉवरबँक, टॉर्च, कॅम्पिंगची शेगडी घरात हवीच. डिसेंबर २०२४ च्या डॅराग वादळात पश्चिम वेल्समधली कितीतरी घरं दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी शेजारचा ट्रॅक्टर घेऊन पडलेलं झाड बाजूला करतो, बिल देत नाही. तू त्याच्या म्हाताऱ्या आईला सूप नेऊन दे. हिशोब असाच चालतो तिथे.

गाडी लागेलच, बस दिवसाला मोजक्या आणि संध्याकाळनंतर विसर. रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे उंच कुंपणझाडी, समोरून कुणी आलं की ज्याला पासिंग प्लेस जवळ तो मागे जातो, आणि समोर ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर असेल तर तूच जातेस, वाद नाही. म्हणून रिव्हर्स पक्का कर, पुण्यात आपण रिव्हर्स म्हणतो तो नव्हे, वळणावरून दोनशे मीटर मागे जायचा. ओलांडताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, न उचलणारा लक्षात राहतो. वस्तीत सप्टेंबर २०२३ पासून बहुतेक ठिकाणी ताशी वीस मैलांचं लिमिट आहे. मेंढ्या रात्री डोंगरातल्या गरम डांबरावर बसतात, हॉर्नला हलत नाहीत, खाली उतरावं लागतं.

अजून एक, पोहोचलीस की मतदार यादीत नाव घाल, कॉमनवेल्थची नागरिक म्हणून तुला तिथे मत आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं. आणि आपलं लायसन्स तिथे बारा महिनेच चालतं, टेस्टच्या तारखा लवकर मिळत नाहीत, तेव्हा सामान लावायच्या आधी प्रोव्हिजनलचा (शिकाऊ लायसन्सचा) फॉर्म भर.

ताई